बाहुलीचें अंगडें-टोपडें

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील एखादा जुना वाडा अगर चाळ पाडून तेथें नवी इमारत उठवावयाची ठरली, म्हणजे घरोघरच्या माळ्यांवरून ट्रंका खालीं येतात. पितळी डबे, समया, फोटो यांची वांटणी लवकर होते. पण एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं, लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेली, हातपाय आंखडलेली एक बाहुली सांपडते. ती नटव्या मडमेची बाहुली नसते. गुबगुबीत, तान्ह्या मुलाच्या रूपाची असते. तिच्या अंगांतलें झबलें हात लावतांच विरतें. जवळच जुन्या वर्तमानपत्राचे चार वेडेवांकडे तुकडे असतात. त्यांवर शाईनें ‘पाठ’, ‘बाही’, ‘टोपडें’ असें लिहिलेलें असतें. ट्रंकेची मालकीण आतां ऐंशीच्या पुढें गेलेली. घर सोडण्यापूर्वीं या बाहुलीला पुन्हा अंगडें-टोपडें चढलेलें पाहावें, एवढीच तिची इच्छा असते. आणि मग नातीपुढें खरा प्रश्न उभा राहतो. पिंवळा पडलेला तो कागद कापडावर ठेवून कापावा, तर त्याचा भुगा होईल. आजीचें लुगडें फाडावें, तर तें पुन्हा मिळावयाचें नाहीं. कात्री एकदां चालली कीं चुकीला क्षमा नाहीं. म्हणून असें काम हातीं घेण्यापूर्वीं त्यांतील मर्म नीट समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम बाहुलीची ओळख पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इकडे येणारीं बरींचशीं विलायती खेळणीं जर्मनी व जपान या देशांतून येत. तान्ह्या मुलाच्या रूपाच्या बाहुल्यांची आवड युरोप-अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं वाढली. जर्मनींतील कॅमर आणि राइनहार्ट या कारखान्यानें १९०९ सालीं खऱ्या अर्भकाच्या चेहऱ्याची बाहुली बाजारांत आणली. पुढें ग्रेस स्टोरी पुटनम या अमेरिकन शिल्पकर्त्रीनें अवघ्या तीन दिवसांच्या बालकावरून एक चेहरा घडविला, आणि १९२० नंतरच्या दशकांत ती ‘बाय-लो’ बाहुली अतिशय लोकप्रिय झाली. अशा महाग बाहुल्यांचीं डोकीं भाजलेल्या चिनी मातीचीं असत. स्वस्त बाहुल्या सेल्युलॉइडच्या, किंवा लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याच्या. मऊ व्हिनिलच्या बाहुल्यांचा काळ १९५० च्या सुमारास सुरू झाला. बाहुली कशाची आहे हें आधीं ओळखावें. कारण कापड, बंद आणि निगा हीं तिन्हीं त्यावर अवलंबून आहेत.

आतां कागदाविषयीं. मराठींत कपडा ‘बेततात’, हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बेतणें म्हणजे अंगाचें माप, कापडाची रुंदी आणि कात्रीची वाट यांचा मनांत मेळ घालणें. जुना शिंपी हें काम बोटांनीं, वितींनीं आणि गिऱ्यांनीं करी. गजाचा सोळावा भाग तो गिरा. गज छत्तीस इंचांचा धरला तर गिरा सव्वादोन इंचांचा होतो. तयार कागदी नमुन्यांची पद्धति मागाहून आली. १८५१ सालीं सिंगर यांनीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, आणि यंत्र घरांत शिरल्यावर बेतण्याचें ज्ञानहि घरीं हवेंसें झालें. १८६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें ठराविक मापांचे पातळ कागदी नमुने विकण्यास आरंभ केला. त्या आरंभीच्या नमुन्यांवर रेषा छापलेल्या नसत. खुणांच्या जागीं नुसतीं भोकें पाडलेलीं असत. महाराष्ट्रांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनीं स्त्रियांना शिवणकाम शिकविलें. ज्यांना विकतचा नमुना मिळाला नाहीं, त्यांनीं वर्तमानपत्रावर आपला नमुना आंखला. ट्रंकेंतले ते चार तुकडे याच परंपरेचे आहेत. भारतांत मेट्रिक मापें १९५८ पासून क्रमाक्रमानें आलीं. तेव्हां अशा कागदावर नुसते आंकडे असतील तर ते इंच समजून पडताळून पाहावेत.

ज्या भागांत हें घडतें, त्या भागाचें कापडाशीं नातें नवें नाहीं. सहाव्या शतकांतील कॉस्मस या ग्रीक प्रवाशानें कल्याण बंदरांतून निघणाऱ्या मालांत कापडाचा उल्लेख केला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या मार्को पोलोच्या वर्णनांत ठाण्याच्या व्यापारांत सुती कापड आहे. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली व १८५४ सालीं कल्याणास पोंचली. तेव्हांपासून मुंबईच्या बाजारांतील चीट, मलमल आणि लांगक्लॉथ यांना या गांवांचा रस्ता सोपा झाला. जवळच भिवंडीचे यंत्रमाग आणि उल्हासनगरचे शिवणकारखाने. बाहुलीच्या अंगड्यास लागणारें वीतभर कापड या प्रदेशांत कधींच दुर्मिळ नव्हतें. दुर्मिळ होत चालली आहे ती तें बेतण्याची जुनी रीत.

ती रीत मराठी बाळंतविड्यांत दिसते. अंगडें, झबलें, टोपडें, कुंची, लंगोट आणि दुपटें हे त्याचे मुख्य घटक. अंगडें पुढून उघडें असतें. त्याचा एक पदर दुसऱ्यावर येतो व तो बंदांनीं बांधतात. झबलें मागून उघडें व सैल. टोपड्याला हनुवटीखालीं बंद. कुंची म्हणजे डोकें झांकून पाठीवर सोडलेलें वस्त्र. ती बहुधा खणाची, कडेला गोट लावलेली. दुपटें जुन्या लुगड्याच्या घड्यांवर धावदोरा घालून केलेलें. नवजात मुलाला आरंभीं कोरें कापड न घालतां जुन्यांतलें घालण्याची चाल घरोघरीं होती. तिला श्रद्धेचा भाग असेल. पण वारंवार धुतलेल्या कापडांतली खळ गेलेली असते आणि त्याचा पोत मऊ झालेला असतो, हें तिचें व्यवहारी कारण स्पष्टच आहे. गुंड्यांऐवजीं बंद वापरण्यांतहि असाच विचार आहे: बंद मुलाच्या अंगाला टोंचत नाहीं, तोंडांत जाऊन गिळला जात नाहीं, आणि मूल वाढलें तरी गांठ सैल बांधतां येते. भातुकली खेळणाऱ्या मुली आईच्या हातचें उरलेलें कापड घेऊन हेंच सारें बाहुलीसाठीं करीत. बाहुलीच्या अंगावर चुकलेली बाही पुढें पाळण्यांतल्या मुलाच्या अंगावर चुकत नसे.

तान्ह्याच्या बाहुलीचें माप घेतांना सर्वांत मोठी चूक एक होते: मोठ्या बाईच्या पोलक्याचा नमुना घेऊन तो लहान करावयाचा. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारें साडेसात पट असते; नवजात मुलाची उंची डोक्याच्या अवघी चौपट. पुरे दिवस भरलेलें मूल सुमारें वीस इंच लांब असतें. त्याच्या डोक्याचा घेर सुमारें साडेतेरा इंच आणि छातीचा त्याहून किंचित् कमी, सुमारें तेरा इंच. म्हणजे तान्ह्याचें डोकेंच छातीहून मोठें. शिवाय मान जवळजवळ नाहीं, पोट पुढें आणि कोपर वांकलेलें. चांगल्या कारागिराची बाहुली हेंच प्रमाण पाळते. म्हणून डोक्यावरून घालावयाचा बंद गळ्याचा कपडा तिला होत नाहीं. तो पुढून किंवा मागून उघडाच हवा. आजीबाईंनीं अंगडें व झबलें उघडीं कां ठेवलीं, याचें उत्तर या मापांत आहे.

माप फितीनें घ्यावें. फीत बाहुलीच्या वांकांत बसत नसेल तर दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. डोक्याचा घेर, गळा, छाती, पोट, खांद्यापासून मनगटापर्यंत बाही, आणि गळ्यापासून पावलापर्यंत लांबी अशीं सहा मापें पुरे होतात. बाही वांकलेल्या कोपरावरूनच मोजावी. सरळ मोजल्यास ती आंखूड पडते.

यानंतर कागदाची प्रत. मूळ कागद कधींहि कापूं नये, त्याला टांचणी लावूं नये आणि चिकटपट्टीनें तो सांधूं नये. चिकटपट्टी कालांतरानें पिंवळी पडून कागदालाच खाते. घड्या बळानें उलगडूं नयेत. कागद सपाट फळीवर ठेवून वर दुसरा कोरा कागद व हलकें वजन ठेवावें, आणि एक-दोन दिवस थांबावें. मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून मऊ पेन्सिलीनें खाका उतरवावा. यंत्रावर छायाप्रत काढल्यास मूळ कागदाशेजारीं मोजपट्टी ठेवून तीहि प्रतींत घ्यावी. यंत्र कधीं कधीं आकार किंचित् लहानमोठा करतें, आणि प्रतींतील पट्टी खऱ्या पट्टीशीं ताडून पाहिली कीं तें कळतें. नमुना नसून केवळ जुनें अंगडेंच उरलें असेल, तर तें उसवूं नये. तें कागदावर पसरून हातानें सपाट करावें, आणि शिवणीच्या बाहेरून पेन्सिलीचे बारीक ठिपके देत जावें. एक अर्धा भाग असा उतरला कीं कागद मधोमध दुमडून दुसरा अर्धा मिळतो.

नमुन्याच्या कडेला शिवणीसाठीं जे जादा कापड सोडतात त्याला ‘माया’ म्हणतात. कांहीं जुन्या नमुन्यांत ती धरलेली असते, कांहींत नसते. हें ओळखण्याचा सोपा उपाय असा: पुढच्या भागाची आणि पाठीची रुंदी मोजून बेरीज करावी व ती छातीच्या मापाशीं ताडावी. माया धरलेली असेल, तर ती प्रथम प्रतीवरून छाटून टाकावी. कारण नमुना लहान करतांना अंगाचें माप कमी होतें, माया होत नाहीं. सुई आणि दोरा बाहुलीसाठीं लहान होत नाहींत; पाव इंचाची माया मोठ्या कपड्यास जितकी लागते तितकी लहानासहि लागतेच. हा नियम विसरल्यामुळें कितीतरी अंगडीं पहिल्याच धुण्यांत शिवणीवर उलगडतात.

उदाहरणार्थ, नमुना तेरा इंच छातीच्या तान्ह्या मुलाचा आहे आणि बाहुलीची छाती पावणेदहा इंच आहे असें समजावें. पावणेदहा हे तेराचे तीन-चतुर्थांश. तेव्हां माया छाटलेल्या नमुन्यावर एकेक इंचाचे चौकोन आंखावेत, आणि कोऱ्या कागदावर पाऊण पाऊण इंचाचे. मग प्रत्येक चौकोनांत रेषा जशी जाते तशीच ती नव्या चौकोनांत उतरवावी. मुंढ्याची आणि गळ्याची वांकणें यानें बरोबर येतात. नमुन्यांतली सहा इंचांची बाही आतां साडेचार इंचांची झाली. बाहुलीचा हात प्रत्यक्ष चारच इंच भरला, तर बाही मनगटाकडून अर्धा इंच कमी करावी, मुंढ्याकडून करूं नये. मूळ नमुन्यांत तीन इंचांची मोकळीक असेल तर ती सव्वादोन इंचांची झाली असेल. ती आणखी कमी करूं नये, कारण कापडाची जाडी पूर्वीइतकीच आहे. शेवटीं सर्व बाजूंनीं पाव इंच माया वाढवावी. टोपड्याचा नमुना मात्र छातीच्या प्रमाणानें लहान करूं नये. त्याचें प्रमाण डोक्याच्या घेरावरून स्वतंत्र काढावें.

कुंचीला तर कागद लागतच नाहीं. डोक्याचा घेर साडेदहा इंच असेल, तर चेहऱ्याचा तिसरा हिस्सा सोडून एका गालापासून मागून दुसऱ्या गालापर्यंत सात इंच होतात. त्यांत एक इंच मोकळीक आणि दोन्हीं कडांच्या दुमडीसाठीं अर्धा इंच मिळवावा. म्हणजे साडेआठ इंच रुंदीची पट्टी झाली. लांबी टाळूपासून पाठीवर जितकी सोडावयाची तितकी, आणि वरखालीं माया. पट्टीची वरची कड मधोमध दुमडून शिवली कीं डोक्यावर टोंक निघतें. तें आंत वळवून गोल करावें, मानेपाशीं चुण्या घ्याव्यात, बंद लावावेत व कडेला गोट द्यावा. सरळ चौकोनी कापडांतून, एक तुकडाहि फुकट न दवडतां, गोल डोक्याचें वस्त्र तयार होतें.

कापड निवडतांना डोळ्यांपेक्षां बोटांवर विश्वास ठेवावा. जुनें लुगडें उजेडासमोर धरून पाहावें. जेथें विरळ दिसेल तो भाग वगळावा. उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेनें हलकेच ताण द्यावा; आवाज झाला तर तें कापड शिवण धरणार नाहीं. पदर आणि कांठ शक्य तों अखंड ठेवावेत, व आंतील मऊ भागच घ्यावा. दोन चांगले तुकडे मिळाले तर पहिला बेत लुगड्यावर कापूंच नये. आधीं मांजरपाटाच्या तुकड्यावर तो शिवून बाहुलीच्या अंगावर चढवून पाहावा. या एका सवयीनें जुनें वस्त्र वांचतें. छाप असेल तर तो बारीक घ्यावा. मोठ्या फुलाचें अर्धेंच फूल छातीवर आलें तर बाहुलीच हरवते. खणाचे धागे कडेनें लवकर सुटतात, म्हणून कापतांच कडा हातानें बांधाव्यात. संक्रांतीला बोरन्हाणासाठीं मुलाला काळें झबलें व हलव्याचे दागिने घालतात. बाहुलीसाठींहि तें शिवण्याची हौस स्वाभाविक आहे. पण काळा व गडद तांबडा रंग व्हिनिलच्या अंगांत उतरतो आणि मग निघत नाहीं. असें कापड रंग सुटेनासा होईपर्यंत धुवावें, आणि आंतून पांढऱ्या मलमलीचें अस्तर द्यावें.

शिवण्याचा क्रमहि लहान कपड्यांत बदलतो. प्रथम खांदे जोडावेत. मग गळ्याला तिरपी कापलेली पट्टी लावावी; तिरपें कापड वांकणाबरोबर वळतें, उभें वळत नाहीं. त्यानंतर बाही सपाट असतांनाच मुंढ्यास जोडावी, आणि शेवटीं मनगटापासून काखेंतून खालपर्यंत एकच शिवण घालावी. बगल आधीं शिवली, तर दोन इंचांच्या मुंढ्यांत बाही बसवितांना बोटें जात नाहींत. काखेंत माया थोडी कातरावी, म्हणजे कापड ओढलें जात नाहीं. लांब शिवणी यंत्रावर चालतील. पण गळा, मुंढा आणि गोट हातानें, बारीक सुईनें, उलट टांक्यानें शिवावा.

निगेचें एक प्रकरण उरतें. सेल्युलॉइडमध्यें कापूर असतो व तें अत्यंत ज्वालाग्राही आहे; कपडा बाहुलीच्या अंगावर असतांना इस्त्री कधींहि फिरवूं नये, निरांजन जवळ आणूं नये. तें जुनें झालें म्हणजे त्यांतून आम्ल वायु सुटतात, ते लोखंडी हूक व चापबटणें गंजवितात. म्हणून येथेंहि सुती बंदच उत्तम. भुशा-सरसाच्या बाहुलीला पाण्याचा थेंबहि नको. कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत ती तडकते व बुरसते. तिला प्लास्टिकच्या पिशवींत न कोंडतां धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळावें, आणि पावसाळा संपल्यावर सावलींत हवा द्यावी.

जुन्या अंगड्यांची शिवण वाचण्यासारखी असते. मुलाच्या कपड्यांत माया मुद्दाम अधिक सोडीत, कारण मूल वाढणार. बगलेशीं सुईच्या जुन्या भोकांची एक ओळ आणि तिच्याबाहेर दुसरी शिवण दिसली, तर तो कपडा सैल करावा लागला, मूल वाढलें, असें समजावें. कांहीं अंगड्यांची माया मात्र कधींच उसवलेली नसते. बहुधा तें दुसऱ्या लहान मुलास गेलेलें असतें; पण नेहमींच तसें नसतें. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचें मूल अवघें दहा दिवस जगलें, आणि त्या दुःखांतून त्या वैद्यकाकडे वळल्या. त्या काळीं असे रिकामे पाळणे अनेक घरांत होते. म्हणून ट्रंकेंतलें खऱ्या मुलाचें अंगडें बाहुलीसाठीं कापूं नये, व बेतण्यापूर्वीं घरांतील वडील बायकांना विचारावें कीं हें कोणाचें होतें. उत्तर मिळेल तें नमुन्याच्या प्रतीवर तारखेसह लिहून ठेवावें. कागदाच्या चार तुकड्यांना त्यामुळें घराच्या नोंदवहीची किंमत येते.

बाहुली वाढत नाहीं. तिच्या अंगड्याला पाव इंचाहून अधिक माया सोडण्याचें शिवणकामाच्या दृष्टीनें कांहींच कारण नाहीं. तरीहि जुन्या हातांनीं शिवलेल्या बाहुलीच्या कपड्यांत ती कधीं कधीं अर्धा इंच सांपडते. मूळ शिवणारणीला हात आंवरता आला नसावा. पाळण्यांतल्या मुलासाठीं शिवण्याची जी संवय, तीच बाहुलीपाशीं आली. नवा कपडा शिवणाऱ्या नातीनें तेवढी जागा कापून टाकली नाहीं, तर नमुना जसा होता तसा पुढें जाईल. आणि नव्या इमारतीच्या एखाद्या खोलींत, ऐंशी वर्षांची मालकीण आपल्या बाहुलीचे बंद स्वतःच्या हातानें बांधील.